दुर्गाकाकूंची दोन फडकी

दुर्गाकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी चपलांकडे पाहिलं, मग ट्रंकेच्या तळाकडे, मग नखांकडे. बँकेने माझी बदली सांगलीहून थेट बनारसला केली होती. स्टेशनपासून सायकलरिक्षाने आणि पुढे पायी गल्ल्या तुडवत मी अहिल्याबाई घाटाच्या मागच्या त्यांच्या दारात उभा होतो. त्या गल्ल्यांतून आलेल्या माणसाच्या चपलांना काय काय लागलेलं असतं, ते बनारस पाहिलेल्यांना सांगायला नको. काकूंनी उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली सरकवली आणि म्हणाल्या, "पाय धू आणि तू आत ये. ट्रंकेचं मग बघू."

मला चहा मिळाला, पोहे मिळाले, भाडं ठरलं. पण ट्रंक चारी बाजूंनी पुसून होईपर्यंत वरच्या खोलीची किल्ली काही मिळाली नाही.

काकू पन्नाशीच्या, बुटक्या, गोऱ्या, आणि चालताना थोड्या पुढे झुकलेल्या. जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते उचलायचंय, अशा बेतानेच त्या चालत. त्यांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. कुणाच्याही घरी गेल्या की बोलता बोलता ती तर्जनी दाराच्या चौकटीवरून, खिडकीच्या गजावरून, टीव्हीच्या मागच्या बाजूवरून फिरून येई. मग काकू त्या बोटाकडे बघत. बोलत काही नसत. पण घरातली बाई त्या दिवसापासून काकूंचं येणं-जाणं असलं की दोन दिवस आधी स्टूल घेऊन चौकटी पुसायला लागे. लग्नाच्या पंगतीत, सुतकात, सत्यनारायणाला, कुठेही ते बोट गप्प बसलं नाही. एकदा बँकेत आमच्या साहेबांना भेटायला आल्या आणि साहेबांच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून गेल्या. साहेबांनी तासाभरात शिपायाला बोलावून टेबल पुसून घेतलं आणि मला विचारलं, "कौन थीं ये? ऑडिटवाली?"

काकू मूळच्या बनारसच्याच. त्यांचं मराठी घरातलं, म्हणजे निम्मं हिंदी. "अरे, तो पोछा आधी नीट निचोड न, मग फरशीवर लाव," असं त्या म्हणत तेव्हा मला सुरुवातीला अर्धंच कळे. पण त्या जे सांगत ते न कळायची मुभा नव्हती.

त्यांचे यजमान काशीनाथकाका दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय होते. श्राद्ध, पिंडदान, गंगापूजन. स्वभावाने इतके गरीब की यात्रेकरूची दक्षिणा द्यायची राहिली तर हेच ओशाळून दुसरीकडे बघत. घरात वाद सुरू होतोय असं वाटलं की काका तोंडात पान टाकत. तोंड भरलं की बोलायचा प्रश्न मिटला. काकूंच्या राज्यात पान खाणं म्हणजे धाडसच, पण पिंक टाकायची जागा, वेळ आणि नंतर ओतायचं पाणी हे सगळं काकूंनी ठरवून दिलेलं होतं. तेवढ्या अटींवर काका सुखी होते.

या बाईंची नोकरी होती कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात, खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करण्याची. यजमान उपाध्याय आणि बायको परदेशी पाहुण्यांच्या बाथरूमा तपासते, हे आमच्या मराठी मंडळींना पचायला जड होतं. पण काकांच्या मिळकतीवर दोन मुलींची लग्नं होणार नव्हती. काकू गेल्या, शिकल्या, मुली उजवल्या आणि तोवर त्यांना त्या कामाची गोडी लागली होती. चादर गादीखाली खोचायची त्यांची एक पद्धत होती. तिला त्या 'पाकिटाची घडी' म्हणत. कोपरा असा दुमडायचा की रात्रभर लोळलं तरी हलणार नाही. ती शिकून आल्या त्या दिवशी त्यांनी काकांचं अंथरूण तसं घातलं, आणि वर पांघरूणही तिन्ही बाजूंनी खोचून टाकलं. पहाटे काकांना स्नानाला उठायचं होतं. ते आतल्या आत बराच वेळ वळवळले आणि शेवटी क्षीण आवाजात म्हणाले, "अहो, मला सोडवता का?" काकू हे सांगताना हसत नसत. "हलली नाही चादर," एवढंच म्हणत.

तर अशा काकूंना जगात एका गोष्टीचा खरा अभिमान होता, आणि ती हॉटेलातली नव्हती. गल्लीतल्या धर्मशाळेत आमच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव बसे. चतुर्थीला गणपतीपुढे जो उकडीच्या मोदकांचा नैवेद्य असे तो काकूंच्या हातचा. आधी त्यांच्या सासूबाई करीत. जाण्यापूर्वी त्यांनी आपलं तांब्याचं मोदकपात्र काकूंच्या हातात दिलं होतं. काकू त्या दिवशी सोवळ्यात, कुणाशी न बोलता मोदक वळत. कळ्या इतक्या बारीक पाडत की बाकीच्या बायका बघत उभ्या राहत. वर्षभर सगळे ज्या बाईच्या कामाला नाक मुरडत, त्या दिवशी सगळे त्याच बाईच्या हाताकडे बघत. काकूंना हे पुरतं ठाऊक होतं. बाकी काहीही गेलं असतं तरी त्यांनी सोडलं असतं, हे नसतं सोडलं.

नव्वदीची ती वर्षं. परदेशी पाहुणे वाढत होते, हॉटेलं वाढत होती, आणि खोल्या नीट लावणारी माणसं मिळत नव्हती. एका महिला संस्थेने गरजू बायकांसाठी सफाईकामाचा प्रशिक्षण वर्ग काढायचं ठरवलं आणि काकूंना शिकवायला बोलावलं. जागा मिळाली आमच्याच धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर, कारण ती एरवी रिकामीच असे. काकूंच्या हॉटेलचं नवं बांधकाम चाललं होतं. वर्ग पुरा झाला की मॅनेजर स्वतः येऊन परीक्षा घेणार आणि जमतील त्यांना कामावर ठेवणार, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी वर्ग मोडायची वेळ आली. काकूंनी नियम सांगितला, जी बिछाना लावेल तीच संडास धुवेल. कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन एक सडसडीत बाई बसली होती. तिला सगळे शुक्लाइन म्हणत. नवऱ्याचा धंदा बुडाला होता. ती उठून उभी राहिली.

"हम बाम्हन हईं. बिछौना लगाइब, पखाना ना धोइब."

"हम भी बाम्हन हैं," काकू म्हणाल्या, "और पखाना हमारे घर में भी है." आणि पदर खोचून त्या धर्मशाळेच्या संडासात शिरल्या. दार उघडं ठेवून, एकेक कृती मोठ्याने सांगत त्यांनी तो धुतला. आधी काय ओतायचं, किती वेळ थांबायचं, ब्रश कुठून कुठे फिरवायचा. बाहेर आल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि म्हणाल्या, "हो गया. मरी तो नहीं मैं."

शुक्लाइन निघून गेली. दोनेक दिवसांनी आली आणि म्हणाली, करेन, पण मोहल्ल्यात सांगू नका. काकूंनी तिच्या हातात फडकं दिलं.

दुसरी होती फुलमती. तिची उलटीच तऱ्हा. ती सफाई कामगारांच्या वस्तीतली. तिच्या सासरच्यांनी आयुष्यभर गल्ल्या आणि संडास झाडले होते. संडास तिने काकूंपेक्षा लवकर धुतला. पण बिछान्याला काही ती हात लावेना. लांब उभी राहून, हात पुढे ताणून, गादीला अंग लागणार नाही अशा बेताने चादर टाकी. ती अर्थातच वाकडी पडे.

"काकी, हमसे न होई. ई साहब लोगन क बिछौना हौ."

काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "लेट जा."

फुलमती हसली. मग काकू थट्टा करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. कडेकडेने ती गादीवर आडवी झाली आणि ताठ पडून राहिली. काकू बाकीच्यांना म्हणाल्या की पाहुण्याला चादरीची सुरकुती कुठे टोचते ते आता हिच्याकडून कळेल. पण फुलमतीकडून काही कळलं नाही, कारण तिला झोप लागली होती. चार घरची कामं उरकून आलेली बाई ती. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, सगळ्या वर्गाला बाहेर काढलं आणि उरलेला धडा व्हरांड्यात घेतला. त्यानंतर फुलमतीच्या चादरीला कधी सुरकुती दिसली नाही.

काकूंच्या शिकवण्याचा गाभा म्हणजे दोन फडकी. पांढरं बेसिनचं आणि ग्लासांचं, लाल संडासाचं. लाल म्हणजे रेल्वेचा सिग्नल, तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. दोन्ही वेगळ्या दोऱ्यांवर वाळत घालायची, एकाचा दुसऱ्याला स्पर्श झाला तर दोन्ही पुन्हा उकळायची. हे बायकांच्या डोक्यात बसेना. तेव्हा काकूंनी घरातलं सोवळं बाहेर काढलं. पांढरं सोवळं, लाल ओवळं. स्पर्श झाला की विटाळ. हे मात्र बनारसमधल्या बायकांना पटकन कळलं. फक्त शेवटी काकूंनी जी पुस्ती जोडली ती कळायला वेळ लागला असावा. "और एक बात. छुआछूत कपड़े की होती है, आदमी की नहीं. आदमी हाथ धो सकता है."

लाल फडक्यांबद्दल त्या जास्तच कडक होत्या. संडासाचं म्हणून कसंही धुतलं असं चालायचं नाही. उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री केल्यासारखं हाताने दाबून पाकिटाच्या घडीत ठेवायचं. दोरीवर ती लाल फडकी अशी झळकत की कुणीही हेवा करावा. पुढे जे घडलं ते यातूनच घडलं.

सरावासाठी खोल्या कमी पडल्या की काकू वर्ग घेऊन माझ्या खोलीत येत. मी बँकेतून परतायचो तो दारातून हिंदीत चर्चा ऐकू येई. "ई देखा, साहब क बनियान." पलंगाखालून त्यांनी माझा एक मोजा काढला, ज्याचा जोडीदार मी सहा महिन्यांपूर्वी टाकून दिला होता. काकू मुद्दाम खोलीत भुईमुगाची टरफलं पेरून ठेवत आणि सगळी सापडेपर्यंत कुणाला सोडत नसत. एकदा मी स्वतः खाऊन टाकलेलं टरफल शुक्लाइनला सापडलं आणि काकूंच्या हिशेबात ते नव्हतं. तेव्हा मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

श्रावण सरत आला आणि नानासाहेब घरी आले. नानासाहेब उत्सवाचे कार्यवाह, निवृत्त शिक्षक, सभ्य माणूस. खुर्चीच्या टोकावर बसले. काकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पानाचा डबा जवळ ओढला.

"दुर्गाबाई, आमचं वैयक्तिक काही नाही," नानासाहेब म्हणाले.

"मग कुणाचं आहे?"

"लोकांचं."

"लोक कुठे आहेत? बाहेर उभे असतील तर बोलवा, त्यांना पण चाय देते."

नानासाहेबांनी घसा साफ केला. हॉटेलातलं काम वेगळं, तिथे तुम्ही देखरेख करता, ते आम्ही आजवर चालवून घेतलं. पण इथे आमच्याच धर्मशाळेत, सगळ्यांच्या देखत, तुम्ही स्वतः संडास धुता, शिवाय तशा वस्तीतल्या बायकांना घेऊन. आणि त्याच हातांनी गणपतीचा नैवेद्य. उत्सवापुरता वर्ग थांबवा, मोदक तुमचेच.

अडचण अशी होती की मॅनेजरने परीक्षेला नेमका चतुर्थीचाच दिवस दिला होता. तो बिचारा पंजाबी, त्याला आमची चतुर्थी काय ठाऊक. काकूंनी दिवस बदलून मागितला होता. त्याने सांगितलं की नवी बाजू त्याच आठवड्यात उघडते आहे, माणसं तेव्हा नाही निवडली तर दुसरीकडून आणावी लागतील.

काकूंनी बशीखालचा चहाचा ओघळ फडक्याने पुसला. मला वाटलं, थांबवतील वर्ग. नानासाहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते चहाचा कप उचलून निवांत पिऊ लागले.

"मोदक तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मोदकपात्र माळ्यावरून काढलं आणि मोरीत चिंच लावून घासायला बसल्या. ते नानासाहेबांकडे पोचवायचं होतं. "सासूबाईंनी मला बांगडी नाही दिली, पाटली नाही दिली, हे दिलं," त्या मला म्हणाल्या. पात्र लख्ख झालं होतं तरी त्या घासत होत्या. मला फार वाईट वाटलं. काका पायरीवर बसून पान चघळत होते आणि काही बोलत नव्हते, याचा मला त्या दिवशी रागही आला.

चतुर्थीला धर्मशाळेत खाली चौकात गणपती आणि वर परीक्षा, असा तो दिवस उगवला. मी बँकेतून अर्धी रजा काढली होती. खाली नानासाहेबांच्या वहिनींनी मोदक करून ठेवले होते. सोवळ्यातले नानासाहेब पूजेची मांडणी करत होते. वर मॅनेजर टाय लावून आला होता आणि काकूंसारखंच बोट चौकटीवरून फिरवत होता. ते बोट स्वच्छ निघालं तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, बघ, हे आपण शिकवलंय.

खाली चौरंगावर घालायला लाल वस्त्र सापडेना. नानासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. चौकाच्या पलीकडच्या दोरीवर एक लालभडक कापड झळकत होतं, स्वच्छ, कोरं वाटावं असं. कुणीतरी पूजेसाठीच धुऊन वाळत घातलंय अशी त्यांची समजूत झाली. लाल कापड, चतुर्थीचा दिवस, दुसरं काय वाटणार? त्यांनी ते चौरंगावर अंथरलं. त्याच दोरीवरचं दुसरं मोदकांच्या ताटावर झाकलं, माश्या बसू नयेत म्हणून.

शुक्लाइन फडकी घ्यायला खाली आली. तिला आपल्या दोरीवर दोन जागा रिकाम्या दिसल्या. ती तशी शोधत शोधत गणपतीपुढे आली आणि थबकली. आपण गप्प राहून निघून जावं, असं तिला वाटलं असेल का, मला माहीत नाही. पण ती काकूंची विद्यार्थिनी होती.

"पंडितजी, ई त पखाना वाला कपड़ा हौ."

नानासाहेबांना आधी कळलंच नाही. मग शुक्लाइनने अगदी मराठीत, काकूंच्या थाटात, ताटाकडे बोट दाखवून सांगितलं, "ओवला." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मोदक गेले. चौरंग गेला. नानासाहेबांना पुन्हा स्नान करावं लागलं, तेही घाईघाईत. आणि आरतीला मराठी मंडळी जमायला लागली होती.

एवढे मोदक पुन्हा, एवढ्या वेळात, करणारी बाई बनारसमध्ये एकच होती.

नानासाहेब नवं सोवळं नेसून जिना चढले. काकू त्या वेळी मॅनेजरला संडास दाखवत होत्या. फुलमती आत ब्रश चालवत होती. नानासाहेबांना आत पाऊल टाकता येईना. ते दारापासून हातभर अंतरावर, रेशमी धोतर सावरत, या पायावरून त्या पायावर होत उभे राहिले.

"दुर्गाबाई, जरा बाहेर या."

"परीक्षा चालू आहे."

"फार निकड आहे हो."

मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा सहानुभूतीने भरला. "मॅडम, पहले इनको जाने दीजिए. अर्जेंट लगता है."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. खाली काय झालं ते, फडक्याचं, मोदकांचं. त्यांच्या तोंडावर समाधान दिसेल अशी माझी अटकळ होती, पण तसं काही दिसलं नाही. "गणपती थांबेल," त्या म्हणाल्या. "हे थांबणार नाहीत." आणि मॅनेजरला घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. परीक्षा पुरी झाली. मॅनेजरने सगळ्याच बायकांना घेतलं. मग काकू खाली आल्या, घरी जाऊन स्नान केलं, सोवळं नेसल्या, मोदकपात्र मागवलं आणि धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

उकड काढायची, नारळ खवायचा, पाऱ्या करायच्या. एकटीचं काम नव्हतं. वहिनी रडत होत्या, बाकीच्या बायका अंग काढून उभ्या होत्या. काकूंनी वर्गाला हाक मारली. शुक्लाइन सरळ आत गेली आणि खवणीपुढे बसली. फुलमती उंबऱ्याशी थांबली. तिला कुणी थांबवलं नव्हतं. ती आपोआपच थांबली.

आणि काकूही थांबल्या. हे मी पाहिलं. फडक्यांबद्दल जे त्या महिनोन्महिने शिकवत होत्या ते आता सासूबाईंच्या मोदकपात्रापाशी येऊन ठेपलं होतं. चौकातले सगळे बघत होते. मग त्यांनी नेहमीप्रमाणे चेहऱ्याकडे न बघता फुलमतीच्या हातांकडे पाहिलं.

"हाथ धोया?"

"धोया, काकी."

"साबुन से?"

"साबुन से."

"कोहनी तक?"

फुलमतीने हात वर करून कोपर दाखवले.

"फिर वहाँ क्यों खड़ी है? पानी उबल रहा है."

नानासाहेब पुढे झाले. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात काशीनाथकाका उठले. आम्हाला वाटलं, पान घ्यायला. पण काका मोरीपाशी गेले, तोंडातलं पान टाकून दिलं, चूळ भरली, पुन्हा भरली, पंच्याने तोंड पुसलं आणि परत आले. काकांचं रिकामं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नैवेद्य मी दाखवणार आहे," काका म्हणाले. "मंत्र मी म्हणणार आहे. मला चालतं."

एवढं बोलून त्यांना दम लागला. नानासाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. दशाश्वमेधावरच्या उपाध्यायाला चालतं म्हटल्यावर निवृत्त शिक्षकाने काय बोलायचं? आत काकूंनी उकड मळायला घेतली होती. सूचना चालूच होत्या. पारी कडेला पातळ, मधे जाड. कळ्या चिमटीने, नखाने नाही.

आरती उशिरा झाली. प्रसादाच्या वेळी आमच्या मंडळींपैकी काहींना अचानक मधुमेह आठवला, एकदोघांचा उपास निघाला. नानासाहेबांनी एक मोदक तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला, रुमालात बांधला आणि घरी खाईन म्हणाले. खाल्ला की नाही, ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी सभेत मात्र मोदकांचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच घाईने सांगून टाकलं, "ते दुर्गाबाई बघतील," आणि पुढचा विषय घेतला. काकूंबरोबर फुलमती येणार का, हे कुणी विचारलं नाही. ती आली. काही घरांनी त्या वर्षीही प्रसाद घेतला नाही. काकूंनी ती घरं लक्षात ठेवली आणि त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या तेव्हा बोट जरा जास्तच वेळ फिरवलं.

माझी बदली झाली तेव्हा नुकतीच चतुर्थी होऊन गेली होती. काकू आणि काका मला स्टेशनवर सोडायला आले. फुलमतीला रजा नव्हती. ती आता हॉटेलात नव्या बायकांना चादर घालायला शिकवत होती, आणि म्हणे पहिल्या दिवशी प्रत्येकीला बिछान्यावर झोपवत होती. तिने मोदकांचा डबा पाठवला होता, निम्मे तिचे, निम्मे काकूंचे. "ओळख बघू कुठले कुणाचे," काकू म्हणाल्या. मग थोड्या रागानेच, "तिच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक पडायला लागल्या आहेत."

काकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गाडीने शिट्टी दिली. काहीतरी करायचं म्हणून मी डबा उघडला आणि मोदकाकडे हात नेला. काकू खिडकीच्या बाहेर होत्या. बोलता बोलता त्यांचं बोट खिडकीच्या गजावरून फिरलं होतं. त्यांनी त्या काळ्या झालेल्या बोटाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्या हातांकडे.

"हात धुतलेस?"

"काकू, गाडी सुटतेय."

"गाडीत बेसिन आहे. मोदकांच्या पिशवीत साबण ठेवलाय. कोपरापर्यंत धू."

गाडी हलली होती. त्या खिडकीबरोबर चालत होत्या आणि ते काळं बोट गाडीच्या डब्याच्या टोकाकडे, बेसिनच्या दिशेने रोखलेलं होतं. पोचल्यावर पत्र टाक म्हणतील, निदान हात हलवतील, म्हणून मी क्षणभर थांबलो. बोट काही खाली येईना. मी उठलो. साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन परत आलो तोवर प्लॅटफॉर्म मागे पडला होता.

जागेवर बसून मी मोदक खाल्ले. काकूंचे कुठले आणि फुलमतीचे कुठले, ते डबा संपेपर्यंत मला ओळखता आलं नाही.